दांड्याची लांबी

(मंडळाच्या वार्षिक चर्चासत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर, ई-वार्तापत्राच्या वाचकांसाठी)



आजचा विषय 'श्रम आणि आपण' असा आहे. माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी श्रमाबद्दलचे विचार इतके नीट मांडले की मला त्यात भर घालण्यासारखं फार उरलेलं नाही. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. माझं डोकं वस्तूपासून सुरू होतं आणि जमलं तर विचारापर्यंत पोचतं. म्हणून आज मी एका जुन्या हातअवजाराबद्दल आणि ते वापरणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

वॉशिंग्टन डीसीमधलं नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. भारतातून आईवडील आले की व्हाइट हाउस, मग स्मिथसोनियन, हा आपला ठरलेला कार्यक्रम असतो. त्या म्युझियमच्या संग्रहात लाखो वस्तू आहेत. त्यांपैकी दोन अवजारं मी शेजारी शेजारी ठेवणार आहे. म्युझियममध्ये ती अशी ठेवलेली नाहीत. ही जोडी माझी.

पहिलं अवजार म्हणजे एक लोखंडी पाचर. लाकडाचा ओंडका फोडायला चिरेत ठोकतात तशी. ही पाचर अब्राहम लिंकन यांची. १८३०च्या दशकात ते इलिनॉयमधल्या न्यू सेलम या गावी राहत होते, तेव्हाची. तिच्यावर ए आणि एल ही त्यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. लिंकन यांच्या हातात कुऱ्हाड आली ती वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास, आणि विशीची पहिली काही वर्षं उलटेपर्यंत ती सुटली नाही, असं त्यांनीच आपल्याबद्दल लिहून ठेवलं आहे. जंगल तोडायचं, ओंडके फोडून कुंपणाचे वासे काढायचे, हे त्या वेळच्या वसाहतकऱ्याचं रोजचं काम. १८६० साली डेकेटर इथल्या पक्षाच्या अधिवेशनात असे दोन वासे मिरवत आणले गेले आणि लिंकन 'वासे फोडणारा उमेदवार' म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. गंमत म्हणजे स्वतः लिंकन यांना शेतीच्या अंगमेहनतीची फारशी आवड नव्हती. ते पुस्तकांकडे वळले, वकील झाले. अवजार मागे राहिलं आणि अभिमानाची खूण बनलं.

दुसरं अवजार दिसायला त्याहून साधं आहे. लोखंडी पातं, त्याला काटकोनात बसवलेला लाकडी दांडा. आपल्याकडच्या छोट्या खोऱ्यासारखं. फक्त दांडा फार आखूड. अशा अवजारांचा दांडा साधारण फूटभर असे. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन शेतमजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे 'आखुडं'. नाव लाडाचं वाटतं, पण त्यात लाड नव्हता. हे अवजार लिब्राडो चावेझ नावाच्या शेतमजुराचं. सीझर चावेझ हे पुढे गाजलेले शेतमजूर नेते त्यांचे चिरंजीव. मुलाबद्दल भलंबुरं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज बापाबद्दल बोलायचं आहे.

लिब्राडो यांचे वडील सेसारिओ हे मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतातले. तिथे एका मोठ्या जमीनदाराच्या हासिएंदात ते जवळजवळ वेठबिगारीवर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते सीमा ओलांडून अमेरिकेत आले आणि पुढे ॲरिझोनात, युमाजवळ, हिला नदीच्या खोऱ्यात स्थिरावले. तिथे त्यांनी होमस्टेड म्हणून शंभर एकरांहून अधिक जमीन मिळवली, ती लागवडीखाली आणली आणि मातीच्या विटांचं जाड भिंतींचं घर बांधलं. ज्या होमस्टेड कायद्याने अशी जमीन देण्याचा पायंडा पडला, त्याच्यावर २० मे १८६२ रोजी सही केली होती अध्यक्ष लिंकन यांनी. कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन. (ती जमीन मुळात ज्या आदिवासींची होती त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे आपल्या मंचावर सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.) म्हणजे पाचरवाल्या माणसाच्या सहीचा धागा चावेझ कुटुंबाच्या शेतापर्यंत पोचतो. अमेरिकेत ज्यांना 'पायोनियर' म्हणून गौरवतात, त्यांतलंच हेही एक कुटुंब. नावं स्पॅनिश, एवढाच फरक.

लिब्राडो त्या शेतावर वाढले. लग्नानंतर शेतीबरोबर त्यांनी किराण्याचं दुकान आणि गॅरेजही चालवलं. म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक, स्वतःची अवजारं, स्वतःचे कामाचे तास. १९२९ नंतरच्या महामंदीत हे एकेक करून गेलं. उधारी वसूल होईना, दुकान गेलं. मग दुष्काळ आला, कर थकले, आणि १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात जमीनही गेली. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागणार नाही. त्याला फक्त गावांची नावं बदलून घ्यावी लागतील.

पन्नाशीच्या आसपासचा हा माणूस बायकामुलांना गाडीत घालून कॅलिफोर्नियाला निघाला. तिथून पुढचं आयुष्य पिकांच्या मागे. वाटाणा, द्राक्षं, कापूस, बीट, लेट्यूस. जिथे पीक तयार तिथे मुक्काम, कधी तंबूत, कधी शेडमध्ये. सॅन होजेमधल्या ज्या वस्तीत ते काही काळ राहिले, तिचं नाव 'साल सी प्वेदेस', म्हणजे 'जमलं तर बाहेर पड'. युनियनचे लोक भेटले की लिब्राडो त्यांच्यात सामील होत. त्या काळचे बहुतेक संप मजूर हरलेच. एक लक्षात घ्या. १९३५ साली अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला, त्यातून शेतमजुरांना वगळलं होतं. १९३८च्या किमान वेतन कायद्यातूनही वगळलं होतं. पुढे १९४२ साली लिब्राडो यांना अपघात झाला आणि आठवी झालेल्या मुलाला शाळा सोडून शेतात उतरावं लागलं.

आता माझा प्रश्न. ज्या माणसाने स्वतःची जमीन कसली, त्याने स्वतःसाठी फूटभर दांड्याचं अवजार निवडलं असतं का?

लेट्यूसचं काम कसं चाले ते सांगतो. बी ओळीत दाट पेरत. रोपं वर आली की विरळणी करायची. दहा-बारा इंचांवर एक रोप ठेवून मधली काढून टाकायची. एका हातात कोर्तितो आणि दुसऱ्या हाताने जोडरोपं वेगळी करायची. दांडा फूटभर असल्याने कमरेत पूर्ण वाकावं लागे, डोकं जवळजवळ गुडघ्यांच्या पातळीला. असं वाकलेलं राहून ओळीमागून ओळ, दिवसाचे आठ-दहा तास. काही वर्षांत मणक्यांमधल्या चकत्या झिजत. तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या पाठी म्हाताऱ्यांसारख्या झाल्याचं डॉक्टरांनी पुढे साक्षीत सांगितलं.

दांडा लांब का नव्हता? चार फुटी दांड्याला लाकूड जास्त लागतं ते काही पैशांचं. इतर राज्यांत लांब दांड्याने अशीच कामं होत होती. शेतमालकांचं उत्तर असं, की आखूड दांड्याने काम नेमकं होतं, पिकाला इजा होत नाही. दुसरं कारण मजुरांना पक्कं ठाऊक होतं. आखूड दांडा असला की मुकादमाला लांबूनच कळतं, कोण काम करतंय आणि कोण विसावलंय. वाकलेला माणूस कामावर आहे. उभा राहिलेला माणूस चुकार आहे. एवढी स्वस्त देखरेख दुसऱ्या कुठल्या यंत्राने झाली नसती.

आणि या सगळ्यावर पांघरूण घालायला एक 'शास्त्र'ही होतं. नट असलेले आणि १९६४ साली कॅलिफोर्नियातून सिनेटवर निवडून आलेले जॉर्ज मर्फी म्हणाले होते, की मेक्सिकन लोकांची ठेवणच जमिनीलगतची, त्यांना वाकणं सोपं जातं. त्यांच्याआधी याच शेतांत जपानी लोक वाकत होते. १९०३ साली ऑक्सनार्डला बीटच्या शेतांत जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी एकत्र येऊन संप केला होता. मग आपले पंजाबी आले. १९५६ साली काँग्रेसवर निवडून गेलेले दलीपसिंग सौंद यांनीही गणिताची डॉक्टरेट घेऊन इम्पीरियल व्हॅलीच्या शेतांतच वर्षं काढली. ज्याला दुसरं काम मिळत नाही त्याची हाडं नेमकी त्या कामाला योग्य ठरतात, हा शोध जगात सगळीकडे लागलेला आहे. आपल्या देशात तर त्याला धर्मग्रंथांचा आधार होता.

हे अवजार गेलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही गरिबांना मोफत वकील देणारी संस्था. तिथले तरुण वकील मॉरिस जूर्डेन यांना मजुरांनीच सांगितलं, की आमच्यासाठी काही करायचं असेल तर हे आखुडं घालवा. जूर्डेन यांनी स्वतः शेतात ते चालवून पाहिलं. १९७२ साली सेबास्टियन कार्मोना आणि इतर मजुरांच्या वतीने राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे अर्ज गेला. नियम आधीच अस्तित्वात होता: असुरक्षित हातअवजारं वापरू नयेत. १९७३ साली अर्ज फेटाळला गेला. का, तर 'असुरक्षित' म्हणजे मोडकं, तुटकं, पातं निखळलेलं. हे अवजार तर धडधाकट आहे!

आपल्यापैकी जे डिझाइनमध्ये काम करतात त्यांनी या वाक्यावर जरा थांबावं. पोलाद उत्तम, लाकूड उत्तम, जोड घट्ट. तपासणीत पास. मोडत होता तो फक्त माणूस, आणि तो तपासणीच्या यादीत नव्हता.

जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ चुकीचा ठरवला. अवजार ज्या रीतीने वापरायचं आहे त्या रीतीनेच वापरल्यावर इजा होत असेल, तर तेही असुरक्षितच, असं न्यायालय म्हणालं आणि फेरविचाराचा आदेश दिला. त्याच महिन्यात राज्यात जेरी ब्राउन यांचं सरकार आलं होतं. एप्रिल १९७५ मध्ये आखूड दांड्याच्या अवजारावर बंदी आली. लेट्यूसचा धंदा बुडेल, असं मालक सांगत होते. धंदा बुडाला नाही. त्याच शेतांत तीच माणसं लांब दांड्याने तेच काम करू लागली. आजही सलिनास व्हॅलीला अमेरिकेचं सॅलड बाउल म्हणतात.

गोष्ट इथे संपली असती तर टाळ्या वाजवून जेवायला गेलो असतो. पण काही मालकांनी पळवाट काढली. आखूड दांडा चालत नाही ना, मग दांडाच नको, हाताने तण उपटा. पाठ तशीच वाकलेली. त्यावर निर्बंध यायला २००४ साल उजाडलं. वाकून, गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून हाताने खुरपणी करून घेण्यावर, दुसरा व्यवहार्य मार्ग असेल तिथे, कॅलिफोर्नियाने बंदी घातली. आणि त्यातून सूट कोणाला मिळाली? सेंद्रिय शेतीला. तिथे तणनाशक चालत नाही, म्हणून माणूस चालतो. आपण जास्त पैसे मोजून घेतो त्या ऑरगॅनिक लेट्यूसच्या डब्यावर मातीची काळजी लिहिलेली असते, पाण्याची असते, किड्यांचीही असते. पाठीची नसते. मी ऑरगॅनिक घेणं बंद करा असं म्हणत नाही. 'चांगलं' हे लेबल कोणी कोणाच्या वतीने लावलं, एवढं विचारायची सवय असावी.

आता जरा घराकडे वळू या. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे भुईमुगात, ज्वारीत तण काढण्याला भांगलण म्हणतात. विदर्भात निंदण म्हणतात, इतरत्र खुरपणी. शब्द कुठलाही असो, हातात खुरपं आणि ते हातात धरणारी बाईच. बायका आपापली पात धरतात आणि उकिडव्या बसून पुढे सरकत राहतात. कोर्तितोचा त्रास कमरेत वाकण्याचा, खुरप्याचा उकिडवं बसण्याचा. गुडघे आणि कंबर, दोन्ही जातात. माझी आत्या साठीच्या आतच दोन्ही हात गुडघ्यांवर टेकल्याशिवाय उठू शकत नसे. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. तेच वय झालेले तिचे भाऊ मात्र ताठ चालत होते. ते औतामागे उभ्याने चालले होते. पुरुषाचं अवजार उभ्याने चालवायचं आणि बाईचं बसून, ही वाटणी आमच्या घरात कोणाच्या डोळ्यांत आली नाही, कारण तिला कोणी वाटणी म्हणत नव्हतं.

ऊसतोडीत तर माणसालाच अवजाराचं नाव आहे. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्यांवर उचल देतो, कोयते मोजतो. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे पैसे कापले. पाळीचे दिवस, पोटाचं दुखणं, सगळं खाड्यात मोजलं जातं. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सलिनासमध्ये उभं राहणं म्हणजे चुकारपणा होता. इथे बाईचं शरीर असणं हाच खाडा ठरला.

आपण या खोलीत बसलेले लोक ज्या ऑफिसांत काम करतो, तिथे मनगट दुखलं म्हणून एक ई-मेल केली की वेगळा कीबोर्ड येतो. खुर्चीची उंची, पाठीचा टेकू, स्क्रीनची पातळी, सगळं आपल्या मापाने. यात आपला दोष काही नाही. हे मिळायलाच हवं. पण ज्याचा दांडा त्याच्या मापाचा असतो तो सहसा दांड्याबद्दल विचार करत नाही. लिंकन यांना पाचरीवर आपली अक्षरं कोरता आली. लिब्राडो यांच्या अवजाराची लांबी मात्र, ते कोणाच्याही मालकीचं असो, मालकाच्या सोयीने ठरली होती. श्रमप्रतिष्ठेची भाषणं आपण खूप ऐकली. प्रतिष्ठा मोजायचं सोपं माप मला हे वाटतं: काम करणाऱ्याला आपल्या दांड्याची लांबी ठरवता येते का?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. उभ्याने चालवायची अवजारं आपल्याकडे आहेतच. सायकल कोळपं आहे, भोपाळच्या कृषी अभियांत्रिकी संस्थेने केलेलं दुचाकी कोळपं आहे. पण अवजाराला चाक लागलं की बहुधा ते पुरुषाच्या हातात जातं. दहा बायकांचं काम दोघं करतात आणि आठ जणींची मजुरी बुडते. तणनाशकाने तेच होतं. कॅलिफोर्नियातही आता कॅमेऱ्याने रोप ओळखून विरळणी करणारी यंत्रं आली आहेत. तसलं यंत्र बनवणारी एक छोटी कंपनी २०१७ साली जॉन डिअरने तीस कोटी डॉलरांहून अधिक मोजून घेतली. पाठ वाचली, आणि कामही गेलं. म्हणून नुसतं नवं अवजार नेऊन देणं हे उत्तर नाही. ते कोणाच्या नावावर असेल आणि त्याने वाचलेल्या वेळाची मजुरी कोणाला मिळेल, हेही त्याच वेळी ठरायला हवं. कोर्तितोच्या लढाईत मागणी मजुरांची होती, वकिलाने ती कागदावर मांडली. क्रम तो होता म्हणून ती टिकली.

तेव्हा माझी सूचना अगदी लहान आहे. आपला मंच दरवर्षी गावाकडच्या काही कामांना मदत करतो. पाणलोट, सेंद्रिय शेती, बचत गट. प्रस्तावांच्या फॉर्ममध्ये जमीन किती एकर, पाणी किती लिटर, खर्च किती, हे सगळे रकाने आहेत. त्यात आणखी तीन प्रश्न घालू या. हे काम प्रत्यक्ष कोण करणार? किती तास, कुठल्या स्थितीत: उभ्याने, वाकून की बसून? आणि कुठलं अवजार हवं हे तिला विचारलं का? प्रस्ताव पाठवणाऱ्या संस्थेला उत्तर देता आलं नाही, तर तिने एक दिवस शेतात जाऊन विचारून यावं. आपण थांबू. निधी समितीचे सभासद इथे बसलेले आहेत, म्हणून आजच ही सूचना मांडतो. चर्चेत तिच्यावर जरूर टीका करा.